फेरफार न झालेला पडदा

लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला की काम झालं, असं समजणाऱ्यांचा खरा कार्यक्रम वायर काढल्यावर सुरू होतो. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात हे प्रसंग आता वर्षभर येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रोजेक्टर लागतो, क्लासच्या सरांना भूमिती भिंतीएवढी लागते, साखरपुड्याचे फोटो सगळ्या पाहुण्यांना एका दमात दाखवायला बैठकीतला टीव्ही लागतो, आणि आयपीएलची फायनल पंधरा इंचांत पाहणं हा तर पाहुणचारातला कमीपणा मानला जातो. तोवर सगळं छान चालतं. मग कुणीतरी टीव्ही बंद करतं किंवा घाईघाईनं वायर उपटतं, लॅपटॉप टेबलावर परत येतो आणि वेगळाच वागू लागतो. बाण उजव्या कडेपर्यंत जातो आणि तिथून पुढे कुठेतरी निघून जातो. एक्सेल उघडलंय असं खालची पट्टी शपथेवर सांगते, पण पडद्यावर एक्सेलचा पत्ता नसतो. अक्षरं फुगलेली असतात, ओळीनं मांडलेले आयकॉन डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे असतात, आणि मधूनच सगळा पडदा काळा होऊन पुन्हा उजळतो. ‘काय झालं भो?’ म्हणत चार माणसं जमतात. एक म्हणतो व्हायरस, दुसरा म्हणतो गरम झाला, तिसरा लाइटवर जातो. चौथा काहीच न पाहता निकाल देतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ सभेचा कल नेहमी चौथ्याकडे जातो, कारण त्याच्या उपायाला निदान लागत नाही.

माझं म्हणणं असं, की यातल्या बहुतेक वेळी लॅपटॉपला कसलाही आजार झालेला नसतो. त्याच्या दप्तरी एक नोंद जुनी राहिलेली असते, एवढंच. आमच्या केळीच्या पट्ट्यात हे समजावून सांगायला खरं तर कॉम्प्युटरचीही गरज पडू नये. बांधाला लागून असलेला गट विकला, खरेदीखत झालं, पैसे खात्यात आले, त्या पैशांची मोटरसायकलही दारात उभी राहिली. पण फेरफार मंजूर झालेला नाही, म्हणून सातबाऱ्यावर नाव जुनंच. अशा वेळी ‘जमीन आजारी पडली’ असं कुणी म्हणत नाही, आणि सगळं शेत जाळून पुन्हा नव्यानं मोजा, असंही कुणी सुचवत नाही. तलाठ्याकडे चकरा मारतात. लॅपटॉपचंही तसंच आहे. लॅपटॉपला दुसरा पडदा ‘एक्स्टेंड’ करून जोडला की विंडोज दोन्ही पडद्यांची मिळून एकच जमीन मोजते. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली आकडे वाढत जातात. लॅपटॉपचा पडदा १९२० ठिपके रुंद असेल, तर उजवीकडे मांडलेल्या टीव्हीची हद्द तिथून पुढे सुरू होते. टीव्ही डावीकडे मांडला तर त्याचे आकडे उणे होतात, आणि विंडोजला त्यात काही वावगं वाटत नाही. उणे जमिनीवरही ती निवांतपणे वर्डची फाइल उघडून ठेवते.

या जमिनीवर हिंडणारा बाण म्हणजे तरी काय? दोन आकडे. आडवा एक आणि उभा एक. ही काही माझी कल्पना नाही. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत लाकडी ठोकळ्यात बसवलेला पहिला माऊस तयार झाला तो १९६४ साली, आणि १९७० साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं तेव्हा कागदावर माऊस हे नाव नव्हतंच. ‘पडद्यासाठी एक्स-वाय स्थानदर्शक’ असं रुक्ष नाव होतं. (वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरीही १९६४ चीच. एकाच वर्षी जगाच्या एका टोकाला बाण सुटला आणि दुसऱ्या टोकाला गोळी. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण फॅक्टरी इस्टेटमधल्या वाचकांना तो आवडेल.) तर बाण हरवला म्हणजे तो नाहीसा झाला असं नव्हे. त्याचा आडवा आकडा आपल्याला दिसणाऱ्या पडद्याच्या हद्दीबाहेरचा आहे, असा त्याचा अर्थ. आणि इथे तर्काला एक चांगला धागा सापडतो. दुसरा पडदा खरोखर नोंदीतून गेला असेल, तर विंडोज बाणाला उरलेल्या पडद्याबाहेर जाऊच देत नाही. म्हणजे बाण कडेपलीकडे जातोय, याचा सरळ निष्कर्ष असा की लॅपटॉपच्या लेखी तो टीव्ही अजून तिथेच आहे. बाणाला वेड लागलेलं नाही. तो सातबाऱ्यावर विश्वास ठेवून शेजारच्या शेतात गेलाय.

आता प्रश्न असा की टीव्ही तर बंद केलाय, मग लॅपटॉपला तो दिसतो कसा? खरी गंमत इथे आहे, आणि घराघरांतल्या अर्ध्या भांडणांचं मूळही. आपण टीव्ही बंद करतो म्हणजे रिमोटचं लाल बटण दाबतो. लॅपटॉप मात्र रिमोटकडे पाहत नाही, वायरीकडे पाहतो. एचडीएमआयच्या वायरीत १९ पिना असतात. शेवटच्या पिनेचं काम एवढंच, की पलीकडे कुणी आहे की नाही हे सांगायचं. अठराव्या पिनेतून लॅपटॉप स्वतःच पलीकडे ५ व्होल्ट पाठवतो. त्या चिमूटभर विजेवर टीव्हीतली एक छोटी चिप जागी राहते, आणि तिच्यात टीव्हीची ओळख लिहिलेली असते: कंपनी कुठली, ठिपके किती, सेकंदाला चित्र किती वेळा बदलू शकतं. ही ओळख निदान १२८ बाइटांची असते, आणि ती लिहायची रीत १९९४ पासून ठरलेली आहे. म्हणून अनेक टीव्ही बंद असले, एवढंच काय भिंतीवरचं बटणही बंद असलं, तरी वायर लागलेली आहे तोवर लॅपटॉपला ‘मी आहे’ असंच कळवत राहतात. लॅपटॉपच्याच विजेवर, लॅपटॉपलाच. घरात सगळे म्हणतात टीव्ही बंद आहे, एकटा लॅपटॉप म्हणतो चालू आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. कुणी वायर टीव्हीच्या बाजूनं काढतं आणि लॅपटॉपच्या बाजूचा कन्व्हर्टर तसाच खुपसून ठेवतं. काही कन्व्हर्टर टीव्हीच्या गैरहजेरीत स्वतःच हजेरी लावतात. म्हणून वायर दोन्ही टोकांनी काढायची, हा या शास्त्रातला पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. दहातल्या किती तक्रारी तेवढ्यानं मिटतात हे कुणी मोजलेलं नाही, पण तो करून पाहण्याआधी पुढचं काहीही करू नये.

जुन्या प्रोजेक्टरांची गोष्ट थोडी वेगळी. धुळे जिल्ह्यात २०१५ च्या आसपास लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी मोहीम झाली, आणि खानदेशात इतरत्रही शाळांत प्रोजेक्टर आले. त्यांतल्या कितीतरी प्रोजेक्टरांना निळ्या तोंडाची, १५ पिनांची व्हीजीए वायर लागायची. ही जोडणी आयबीएमनं १९८७ साली काढलेली. म्हणजे वर्गातल्या पोरांच्या बापांच्या वयाची. तिच्यातल्या बारा आणि पंधरा नंबरच्या पिना ओळख सांगण्याच्या कामाच्या असतात. वायर खेचून, वाकवून, कपाटात कोंबून यातली एखादी पिन मोडली, तर चित्र येतं पण ओळख येत नाही. मग लॅपटॉप समोर कोण आहे याचा अंदाज बांधतो आणि जुन्या काळातला कमी ठिपक्यांचा हिशोब धरतो. अक्षरं फुगतात ती यामुळे. ‘डुप्लिकेट’ करून दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवत असू, तर लॅपटॉपलाही त्याच गरीब हिशोबात उतरावं लागतं, आणि कार्यक्रम संपल्यावर कधी कधी तो तिथेच अडकून बसतो. आयकॉन कोपऱ्यात गोळा होतात तेही त्यामुळेच: जमीन लहान झाली तेव्हा त्यांना आत सरकवलं, आणि ती पुन्हा मोठी झाली तेव्हा परत मांडायला कुणी आलं नाही. यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेला आकडा निवडणं एवढंच काम असतं. पोरांनी ते आधीच करून ठेवलेलं असतं. सरांना फक्त कळलेलं नसतं.

हरवलेल्या विंडोची नोंद मात्र दुसऱ्या दप्तरात असते, आणि हा फरक न कळल्यामुळे लोक हतबल होतात. वायर दोन्ही टोकांनी काढली, बाण परत आला, तरी एक्सेल किंवा टॅली दिसत नाही. कारण काही प्रोग्राम आपली मागची जागा स्वतःच्या वहीत लिहून ठेवतात, आणि उघडताना ती वही पाहून थेट टीव्हीच्या जुन्या हद्दीत जाऊन बसतात. विंडोजचा फेरफार झाला, यांचा नाही. त्यांना ओढून आणायला माऊस कामाचा नाही, कारण माऊस तिथे पोचूच शकत नाही. खालच्या पट्टीवरून तो प्रोग्राम निवडायचा, ऑल्ट धरून स्पेसबार दाबायचा, मग एम दाबायचं, मग बाणाचं कुठलंही एक बटण एकदा दाबायचं आणि माऊस हलवायचा. बहुतेक विंडो माऊसला चिकटून आत येते. हा मंत्र वाचताना अवघड वाटतो, पण जो एकदा करून दाखवतो त्याला त्या घरात जन्मभर चहा मिळतो. आणि हे सगळं नवं आहे असंही नाही. एका कॉम्प्युटरला नऊपर्यंत पडदे जोडायची सोय विंडोज ९८ मध्येही होती. त्या काळी आपल्याकडे सगळ्या गल्लीत मिळून एक पडदा नव्हता, म्हणून त्या सोयीचे तोटे आपल्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली.

माणसांनी स्वतः ओढवून घेतलेला एक प्रकार इथे नोंदवायला हवा. प्रोजेक्टर दिसत नाही म्हटल्यावर व्यासपीठावरची मंडळी लॅपटॉपच्या वरच्या ओळीतली बटणं दाबायला लागतात. त्या ओळीत पडदा बदलायचं बटण असतंच. पण त्याच्या आजूबाजूला बऱ्याच लॅपटॉपांत टचपॅड बंद करायचं, उजेड पार घालवायचं आणि विमानातला मोड लावायचंही बटण असतं. पाहुणे खोळंबलेत, सूत्रसंचालक माईकवर ‘तांत्रिक अडचणीमुळे’ म्हणतोय, अशा वेळी सगळी बटणं दाबून होतात. प्रोजेक्टर शेवटी वायर हलवल्यानं लागतो. दुसऱ्या दिवशी बाण हलत नाही, पडदा अंधारा आहे आणि वाय-फाय गेलंय, तेव्हा मात्र दोष प्रोजेक्टरला दिला जातो. विंडोजचं बटण धरून पी दाबलं की चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे एकच, दोन्ही मिळून एक, फक्त दुसरा पडदा. एवढं माहीत असेल तर वरच्या ओळीला हात लावायचं कारणच उरत नाही. लॅपटॉपचा पडदा काळा असताना गाणं ऐकू येत असेल, तर चौथा पर्याय लागून राहिलाय असं समजायला हरकत नाही.

इथवरच्या तक्रारी जागेच्या होत्या. आता ज्या तक्रारी चित्राच्या आहेत त्यांचं काय? पडद्यावर रेघा येतात, रंग सांडतात, बाणाच्या जागी ठिपक्यांचा चौकोन फिरतो, कधी बाण हाताएवढा होतो. इथे एक फुकटची चाचणी आहे आणि ती कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं. स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो फोनवर पाठवून फोनवर पाहायचा. स्क्रीनशॉट म्हणजे लॅपटॉपनं मनात काढलेलं चित्र. काचेवर पोचायच्या आधीचं. फोनवर त्या रेघा दिसल्या, तर गडबड चित्र काढण्यात आहे, म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये किंवा चिपमध्ये. फोनवर चित्र स्वच्छ असेल आणि लॅपटॉपवर रेघा असतील, तर काढणारा निर्दोष आहे. काचेत किंवा बिजागरीतून काचेपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरीत दोष आहे, आणि त्यावर कितीही फॉरमॅट मारला तरी वेळ वाया जाणार आहे. लॅपटॉपचं झाकण हळूहळू उघड-मीट करताना रेघा बदलत असतील, तर ती वायरच. बाणाची मात्र गोष्ट न्यारी. बाण चित्राचा भागच नसतो. ग्राफिक्स चिप तो सगळ्या चित्रावर वेगळा ठेवते, म्हणून साध्या स्क्रीनशॉटमध्ये तो सहसा दिसतही नाही. दोन पडद्यांचं अक्षरांचं माप वेगळं असलं, म्हणजे लॅपटॉपवर दीडपट आणि टीव्हीवर एकपट, की ओलांडताना बाणाला आकार बदलावा लागतो, आणि कधी तो मधल्याच आकारात राहतो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबावीत. पडदा क्षणभर काळा होतो, टुक असा आवाज येतो आणि ड्रायव्हर नव्यानं कामाला लागतो. उघडी कामं तशीच राहतात. चार बटणांना तीन बोटं पुरत नाहीत, हाच काय तो या उपायातला दोष.

यावर पहिला आक्षेप येणार तो उन्हाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि वरणगाव काही महाबळेश्वरात नाही. ॲपल आपल्या लॅपटॉपांसाठी १० ते ३५ अंशांची हद्द सांगते. दुसऱ्या कंपन्यांचीही साधारण तशीच असते. म्हणजे आपल्याकडे वैशाखात लॅपटॉप चालतो तो कंपनीच्या परवानगीनं नव्हे, स्वतःच्या हिमतीवर. दुसरा पडदा जोडला की ग्राफिक्सचं काम वाढतं. झाकण मिटून टीव्हीवर सिनेमा लावला की काही लॅपटॉपांची ऊब आतच कोंडते. हे सगळं मान्य. पण उष्णतेची एक खूण असते: ती वेळेप्रमाणे वागते, वायरीप्रमाणे नाही. दुपारी तीनला यंत्र रेंगाळतं, पंखा घोंघावतो, पडद्यावर रंगीत ठिपके येतात, आणि सकाळी सहाला तेच यंत्र शहाणं असतं, तर दोष उन्हाचा. पण वायर काढली की सुरू होतं आणि वायर लावली की थांबतं, असं असेल तर त्यात सूर्याचा हात नाही. एका बाबतीत मात्र मी हा सगळा युक्तिवाद मागे घेतो. बाण आपोआप क्लिक करत असेल आणि टचपॅड किंचित वर उचललेला, तळ फुगलेला दिसत असेल, तर खालची बॅटरी फुगलेली आहे आणि तीच टचपॅडला खालून ढोसते आहे. तिथे सेटिंग पाहायचं नाही. चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. वरून दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही.

दुसरा आक्षेप लाइटचा, आणि सभेतल्या त्या तिसऱ्या माणसाला मी मनापासून न्याय देऊ इच्छितो. वरणगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र उभं आहे, तरी विजेबद्दल चांगलं बोलायची पद्धत इकडे नाही. पण बाण नाचण्याच्या बाबतीत तो माणूस बऱ्याचदा बरोबर असतो, फक्त कारण चुकीचं सांगतो. लाइट कमी-जास्त झाल्यानं बाण नाचत नाही. अर्थिंग नसल्यानं नाचतो. टचपॅडला बोटाचा दाब कळत नाही, बोटामुळे होणारा अगदी बारीकसा विद्युतबदल कळतो. चार्जरच्या तीन पिनांतली जाड पिन जमिनीशी जोडलेली नसेल, तर लॅपटॉपच्या अंगावर थोडी वीज तरंगत राहते, धातूवर हात फिरवला की मुंग्या येतात, आणि टचपॅडला एका बोटाची दहा बोटं भासू लागतात. आपल्या घरांतून ही जाड पिन एक अडथळा मानली जाते. दोन भोकांच्या एक्स्टेन्शन बोर्डात ती बसत नाही म्हणून कुणी ती मोडतं, कुणी वरच्या भोकात पेन खुपसून उलटी बसवतं. जिथे पिन शाबूत असते तिथे अर्थिंगचा खड्डा कोरडा असतो: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल खाली जाते आणि घर बांधताना कोळसा-मीठ घालून पुरलेली अर्थिंगची प्लेट नावाला उरते. जुनी माणसं उन्हाळ्यात त्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायची ती अंधश्रद्धा नव्हती. आता यात टीव्ही जोडा. एचडीएमआयच्या वायरीवरचं धातूचं आवरण दोन्ही यंत्रांचे सांगाडे एकमेकांना जोडतं, आणि केबलवाल्याची वायर अख्ख्या गल्लीतून फिरून त्याच टीव्हीत आलेली असते. शेजारच्या घरातली गळती तुमच्या बाणात उतरू शकते. तपासणी सोपी आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बाण शांत झाला, तर लॅपटॉप बरा आहे आणि भिंत आजारी आहे.

बिनवायरीच्या माऊसचं थोडक्यात सांगून टाकतो. इंटेलनं २०१२ सालीच लिहून ठेवलंय, की निळ्या तोंडाच्या वेगवान यूएसबीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडतो, आणि हे माऊस बोलतात ते त्याच पट्ट्यात. टीव्ही जोडायला आणलेल्या हबला खेटूनच माऊसचा चिमुकला रिसीव्हर लावला की बाण अडखळतो. तो दुसऱ्या बाजूच्या भोकात लावा.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा, आणि त्याला उत्तर देणं सर्वांत अवघड. तो म्हणतो, ‘कारण कळून काय करायचं? रीस्टार्ट केलं की होतं ना बरोबर?’ होतं, बऱ्याचदा होतं. रीस्टार्टवर माझा राग नाही. रीस्टार्ट म्हणजे सगळ्या नोंदी नव्यानं वाचणं, आणि वायर आधी काढली असेल तर फेरफार आपोआप मंजूर होतो. पण वायर न काढता रीस्टार्ट करणारा माणूस तीच जुनी नोंद नव्यानं मंजूर करून घेतो आणि ‘रीस्टार्टनंही जाईना’ म्हणत दुकानाकडे निघतो. तिथून फॉरमॅट एका पावलावर असतो. आणि फॉरमॅटविरुद्ध माझा पुरावा असा: टीव्हीची ओळख टीव्हीत लिहिलेली असते. फॉरमॅटनं लॅपटॉप सगळं विसरतो, टीव्ही काही विसरत नाही. संध्याकाळी वायर पुन्हा लावली की नव्याकोऱ्या विंडोजला जुनाच शेजारी भेटतो आणि जुनाच बाण जुन्याच कडेनं निघून जातो. मधल्या वेळात गेलं ते वेगळंच: लग्नपत्रिकांचे जुने मराठी फॉन्ट, प्रिंटरचा सांभाळून ठेवलेला ड्रायव्हर, टॅलीचा न घेतलेला बॅकअप आणि साखरपुड्याचे ते फोटो, ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला होता. व्हायरसवाल्या पहिल्या माणसाला उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही. फक्त टीव्हीची वायर हलवल्यावरच अंगात येणारा आणि वायर नीट काढल्यावर निघून जाणारा व्हायरस कुणी अजून पाहिलेला नाही.

शेवटचा आक्षेप न्याय्य आहे: एवढं सगळं आम्ही का शिकायचं, कंपनीनं का सुधारू नये? सुधारलं, थोडंसं. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली, आणि तिच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या मॉनिटरप्रमाणे विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची आणि मॉनिटर काढल्यावर त्यातल्या विंडो खाली बसवण्याची सोय आली. त्याआधी चारच दिवस, १ ऑक्टोबरला, आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन वरणगावची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली होती. फॅक्टरीची नोंद दिल्लीच्या कागदावर एका रात्रीत बदलली. विंडोजला तेवढ्याच कामासाठी १९९८ पासून तेवीस वर्षं लागली, आणि तरीही ती आपल्याला एका साध्या वाक्यात ‘टीव्ही अजून जोडलेला आहे, बाण तिकडे गेलाय’ असं सांगत नाही. हा दोष कंपनीचाच आहे आणि तो माफ करण्यासारखा नाही. पण ज्या गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या काडतुसांचा एकेक लॉट तपासून मगच पुढे पाठवतात, नमुना उडाला नाही तर कुठल्या टप्प्यावर काय चुकलं हे क्रमानं शोधतात आणि त्यासाठी सगळी फॅक्टरी पाडून नवी बांधत नाहीत, त्या गावात ‘फॉरमॅट मारून टाका’ हे चालतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. कामावर क्रम पाळणारा माणूस घरी आल्यावर लॅपटॉपसमोर भविष्य सांगायला बसतो.

तेव्हा पुढच्या साखरपुड्यानंतर एवढं करून पाहा. वायर दोन्ही टोकांनी काढा, कन्व्हर्टरसकट. विंडोज आणि पी दाबून पहिला पर्याय निवडा. चित्र बिघडलेलं असेल तर स्क्रीनशॉट फोनवर पाहा. बाण नाचत असेल तर चार्जर काढा, आणि चार्जर काढल्यावर तो थांबला, तर भुसावळच्या लॅपटॉपवाल्याला फोन करू नका. गल्लीतल्या वायरमनला बोलवा आणि येताना अर्थिंगचं बघायचंय असं सांगून बोलवा, नाहीतर तो फक्त बल्ब बदलून जाईल.